मागं सरकायला जागा नाही

“मागं सरकू नको,” मामा वरून ओरडले. “मागं पाणी हे!”

वालूरच्या बारवेत अर्ध्यावर उतरून, पाठ पाण्याकडे आणि तोंड दगडी भिंतीकडे करून मी उभी होते. वर चढत जाणारा पायऱ्यांचा वळसा चौकटीत पुरा बसत नव्हता, म्हणून डोळा कॅमेऱ्याला लावून एकेक पाऊल मागं घेत होते. कॅमेऱ्याला लेन्स होती ती एवढीशी, २४ मिलिमीटरची, झूम नसलेली, म्हणजे प्राईम. अशा लेन्समध्ये जे मावत नाही ते मावून घ्यायचं तर पायांनीच मागं जावं लागतं. बारवेत ती सोय नसते.

मामा खाली आले. सेलूला त्यांचा स्टुडिओ आहे आणि चाळीस वर्षं ते लग्नांच्या ऑर्डरी करतात. त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून माझ्यापुढे धरला. “हे घे. सोळाला फिरव. सगळं मावतंय. फोटोपायी पाण्यात जायचंय का?”

मी घेतला आणि काढला. खरंच सगळं मावलं. खालचं पाणी, वरचं आभाळ आणि मधला पुरा वळसा. मग आम्ही दोघं तिथंच पायरीवर बसलो. झूम हवी की एका मापाची लेन्स पुरे, हा आमचा वाद दोन वर्षांपासून दिवाळीला, पंचमीला, आजोळी जाईन तेव्हा चालू आहे. पण ज्या जागी तो सर्वांत खरा ठरतो, तिथं तो पहिल्यांदाच होत होता.

ज्यांनी वालूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे गाव परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात आहे. आपल्याकडच्या बारवा बहुतेक चौकोनी असतात. वालूरची ही बारव गोल आहे आणि तिच्या पायऱ्या शंखाच्या वळणासारख्या फिरत फिरत पाण्याकडे उतरतात. अशी रचना फार विरळा. मधल्या काळात ती गाळाकचऱ्याने भरून गेली होती. गावकऱ्यांनी ती उपसून काढली. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे राज्यभरातल्या अशा बारवांची नोंद होऊ लागली आणि दुर्लक्षित विहिरींकडे लोकांचं लक्ष गेलं. आता दुरून माणसं येतात, काठावरून, ड्रोनवरून फोटो घेतात. वरून घेतलेला तो गोल फोटो सुंदर दिसतो, त्यात शंका नाही. पण बघून जाणाऱ्यांतले पुष्कळजण खाली उतरत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

“मला एक सांग,” मामांनी सुरुवात केली, “तुझ्या ह्या लेन्सचं वजन किती?”

“सव्वाशे ग्रॅम.”

“आन् कॅमेऱ्यासोबत आली ती, अठरा-पंचावन्न?”

“दोनशेच्या जरा वर.”

“म्हंजे दीड छटाक वजन वाचवायला साडेसहा हजार घातलेस. तेबी सेकंड हँड. आन् त्या बदल्यात काय गेलं? अठरा गेलं, पस्तीस गेलं, पंचावन्न गेलं. एक चोवीस राहिलं.”

आकडे खरे होते. कॅननने ही लेन्स २०१४ मध्ये काढली. तिचा मोठेपणा वजनात नाही, जाडीत आहे. ती २३ मिलिमीटरही भरत नाही, अंगठ्याच्या पेराएवढी. कॅमेऱ्यासोबत आलेली ती किट लेन्स साडेसात सेंटिमीटर पुढं येते. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण मी रोज शाळेसाठी सेलूहून परभणीला रेल्वेने जाते. खांद्याच्या पिशवीत डबा, वह्या, पाण्याची बाटली असते. ही छोटी लेन्स लावलेला कॅमेरा त्या पिशवीत डब्याच्या शेजारी आडवा राहतो. किट लेन्स लावली की तो राहत नाही, त्याला वेगळी बॅग लागते. आणि वेगळी बॅग घ्यायची म्हणजे सकाळी सहाला ठरवावं लागतं की आज मी फोटो काढणार आहे. तसं सोमवार ते शनिवार कोणी ठरवत नाही. किट लेन्स होती तेव्हा माझा कॅमेरा वर्षातून सात-आठ वेळा कपाटाबाहेर यायचा. आता तो रोज मानवत रोड स्टेशन पाहतो.

हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, “हे लेन्सचं कौतुक झालं का पिशवीचं?”

“पिशवीचंच. रोजच्या फोटोला पहिली पिशवी लागते, मग लेन्स.”

त्यावर ते गप्प बसले नाहीत. मामांशी वाद घालायला मला आवडतं ते यामुळेच. ते उगीच ‘बरं’ म्हणत नाहीत.

“ठीक. उजेडाचं बोल. तुझी एफ २.८. किट लेन्स चोवीसवर चारच्या आसपास असते. म्हंजे एक स्टॉप. दुप्पट उजेड, बास. आन् किटमध्ये स्टॅबिलायझर हे, तुझ्या लेन्समध्ये नाही. ह्या बारवेत संध्याकाळी दगडाचा फोटो काढायचा तर किट लेन्सच जिंकणार, हात हलला तरी.”

“दगडाचा काढायचा तर, मामा. स्टॅबिलायझर माझा हात धरतो. भाकरी थापणाऱ्या आजीचा हात थोडाच धरतो? तिथं शटरच लवकर मिटावं लागतं, त्याला उजेडच लागतो.”

“मग पन्नासची १.८ का नाही घेतली? ती तर सगळे घ्यायलेत.”

घेतली होती. पहिली तीच घेतली होती, आणि या ठिकाणी माझी चूक सांगितली पाहिजे, कारण नव्याने कॅमेरा घेणारी बहुतेक पोरं तीच करतात. पन्नासची १.८ ही सर्वांत स्वस्त, सर्वांत नावाजलेली लेन्स. किट लेन्सच्या लांब टोकाला एफ ५.६ असतं, त्याच्या जवळजवळ दहापट उजेड ती आत घेते. मागचं सगळं धूसर होतं, चेहरा उठून येतो, घरचे खूश होतात. पण ‘पन्नास म्हणजे डोळ्यासारखं दिसतं’ हे जे सांगतात, ते जुन्या रोलच्या कॅमेऱ्याचं माप आहे. माझ्यासारख्या स्वस्त कॅमेऱ्याचा सेन्सर त्याहून लहान असतो, आणि त्यावर पन्नासची लेन्स ऐंशीसारखी वागते. वालूरला आजीच्या स्वयंपाकघरात मी पाठ भिंतीला टेकवून बसले तर आजी माझ्यापासून सहा फुटांवर असते. तेवढ्या अंतरावरून पन्नासच्या आडव्या चौकटीत जेमतेम पावणेतीन फूट रुंदीचं मावतं. आजीचा चेहरा येतो. मग चूल येत नाही, परात येत नाही, दारातून डोकावणारी शेळी येत नाही. चोवीसमध्ये तेवढ्याच अंतरावरून साडेपाच फूट मावतं. तेवढ्यात एक माणूस आणि त्याचं काम दोन्ही बसतं. पन्नासमध्ये मला आजी दिसत होती, तिचं घर दिसत नव्हतं. दोन वर्षांनी मी ती एका विद्यार्थिनीला दिली. तिला चिमण्या काढायच्या होत्या. चिमण्यांना तीही अपुरी पडणार हे मी तिला सांगितलं होतं.

“आजीचं काढलंस ते बरं केलंस,” मामा म्हणाले. “मी घरात कॅमेरा आणला की आई काय करते?”

“लुगडं बदलते.”

“आन् तू आणलास की?”

“भाकरी उलटते.”

मी हे माझ्या बाजूचं म्हणून सांगत आले होते. मोठी लेन्स पाहिली की गावात माणसं ताठ होतात. कोणी पेपरवाला समजतं, कोणी सर्व्हेवाला. शेतात कापूस वेचणाऱ्या बाया डोक्यावरचा पदर ठीक करून हात थांबवतात. लहान लेन्सपुढे हात थांबत नाहीत. यात माझा काही गुण नाही, ही त्या २३ मिलिमीटरची करामत.

मामांनी मात्र ते माझ्यावरच उलटवलं. “लुगडं बदलते कारण तिला चांगलं दिसायचं असतं. तो तिचा हक्क हे. तू विस्कटलेल्या केसांची काढतीस, घामेजलेली काढतीस, आन् म्हणतीस की खरी आजी सापडली. तिला इचारलंस का कधी, कोणती आजी खरी?”

विचारलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन विचारलं. मामांनी लग्नात काढलेला हिरव्या काठाच्या लुगड्यातला आणि मी काढलेला चुलीपुढचा, असे दोन्ही फोटो तिच्या हातात दिले. आजीने क्षणभरही न थांबता लग्नातला निवडला. “ह्यो भिंतीला लाव,” म्हणाली. चुलीपुढचा तिने जरा जास्त वेळ धरला आणि म्हणाली, “ह्या तव्याचा कान तुटलाय, दिसतंय बघ.” मग तो पिठाच्या डब्याखाली सरकवून ठेवला. तेव्हापासून मी काढलेले फोटो आधी ज्याचे त्याला दाखवते आणि नको म्हटलं तर पुसून टाकते. मामांचा हा मुद्दा मी पूर्ण मान्य केला आहे. लेन्स लहान असली म्हणून परवानगी लहान होत नाही.

पण बारवेतल्या गोष्टीकडे परत येते. तिथं मी माझं सर्वांत मोठं हत्यार काढलं. “मामा, तुम्ही स्वतः किती वर्षं एकाच लेन्सवर काढलीत?”

मामांचा पहिला कॅमेरा याशिका मॅट १२४ जी. दोन डोळ्यांचा, पोटाजवळ धरून वरून मान घालून पाहायचा. लेन्स एकच, ८० मिलिमीटर, एफ ३.५, अंगातच बसवलेली, काढता न येणारी. १२० च्या रोलवर बारा फोटो. त्या मोठ्या फिल्मवर ऐंशी म्हणजे साधारण डोळ्याला दिसतं तेवढंच. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतले साखरपुडे, बारशी, कितीतरी आजोबांचे भिंतीवरचे फोटो अशाच अंगात लेन्स असलेल्या कॅमेऱ्यांतून आलेत. आणखी मागं गेलं तर आपण निजामाच्या राज्यात होतो. राजा दीनदयाळ यांनी वेरूळ-दौलताबादचे जे फोटो काचेच्या प्लेटांवर काढले तेव्हा झूम कोणी ऐकलंही नव्हतं. फोटोच्या कॅमेऱ्याला झूम लेन्स लागली ती १९५९ मध्ये, ती जर्मन फोइग्टलेंडर कंपनीची, ३६ ते ८२ ची. म्हणजे फोटोग्राफीच्या पहिल्या सव्वाशे वर्षांतलं जवळजवळ सगळं एकाच जागी बांधलेल्या लेन्सांनी पाहिलेलं आहे.

“झालं?” मामा म्हणाले. “आता ऐक. ती आमची हौस नव्हती, मजबुरी होती. तुम्ही लोक मजबुरीचं तत्त्वज्ञान करायलात.”

आणि त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. ऐंशीच्या दशकातलं एक लग्न, जिंतूरकडचं. पाठवणीची वेळ. मामा नवरीजवळ, बायांच्या घोळक्यात. नवरीचा बाप लांब, मांडवाच्या खांबाला धरून एकटा रडत होता. घोळक्यातून निघून त्याच्यापर्यंत जायचं तर दोन मिनिटं लागली असती. रोलमध्ये दोनच फोटो उरले होते. त्यांनी जागेवरूनच एक घेतला. धुऊन आला तेव्हा त्यात खांब दिसत होता आणि खांबाजवळ कोणीतरी उभं आहे एवढं कळत होतं. पुढे काही वर्षांनी तो माणूस गेल्यावर त्याची मुलगी स्टुडिओत आली. “बाबांचा त्या दिवसाचा एखादा हे का,” असं तिने विचारलं. मामांनी तो खांबाचा फोटो तिला दाखवलाही नाही.

“सत्तर-दोनशे घेतली तेव्हा दीड किलोचं धूड गळ्यात घातलं. मान दुखते अजून. पण त्यानंतर एकही बाप सुटला नाही,” ते म्हणाले.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. ज्याला दुसऱ्याच्या आयुष्यातला एकदाच येणारा क्षण धरून द्यायचा आहे, त्याने झूमच घ्यावी. त्याला एका लेन्सचं कौतुक सांगणं हा उद्धटपणा आहे. मी रोजच्या फोटोबद्दल बोलते आहे. माझ्याकडून सुटलेला फोटो मागायला कोणी येत नाही. आणि आजी उद्याही भाकरी करणार आहे.

“रोजचंच म्हणायलीस तर मोबाईल काय वाईट?”

मोबाईल वाईट नाहीच. उलट तो माझ्याच पक्षाचा आहे, कारण मोबाईलची मुख्य लेन्सही एका जागी बांधलेलीच असते. दोन बोटांनी फोटो ओढला की बहुतेक वेळा झूम होत नाही, फोटो कापला जातो. फरक दोन आहेत. मोबाईलची ती लेन्स बरीच रुंद असते, म्हणून चेहरा भरून घ्यायचा तर फार जवळ जावं लागतं आणि तेवढ्या जवळून नाक मोठं, कान मागं गेलेले दिसतात. माझी चोवीस या कॅमेऱ्यावर अडतीससारखी दिसते, ती त्या मानाने माणसाशी बऱ्या अंतराने वागते. दुसरं, दिवेलागणीला मोबाईलचा बारीक सेन्सर अंधाराचा चिखल करतो आणि मग तो चिखल स्वतःच घासूनपुसून गुळगुळीत करतो. ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांनी खुशाल त्यावर काढावं. दुसरा कॅमेरा घ्यायलाच हवा असं मी म्हणणार नाही.

मामांनी आणखी एक गोष्ट समजावली, ती दोन्हीकडच्या लोकांनी ऐकण्यासारखी आहे. “झूम नसली तर पायांनी झूम कर, असं म्हणतात ना, ते खोटं हे. बघ.” त्यांनी काठावर नेऊन, लेन्स बदलून, सत्तरवरून खालच्या पायऱ्या दाखवल्या. पायऱ्या एकीवर एक चिकटल्यासारख्या, पत्त्यांच्या गड्डीसारख्या. मग त्याच पायऱ्यांजवळ खाली नेलं. तिथून त्या सुट्या झाल्या, एकीची सावली दुसरीवर दिसू लागली. “उभं कुठं राहायचं ते पाय ठरवतात. लेन्स फक्त कापते. झूमवाला एका जागी उभा राहून कापत बसतो, आन् तुझ्यासारखे कापता येत नाही म्हणून भटकतात. चांगला तो, जो आधी जागा बघतो.”

चाळीस वर्षं फोटो काढलेला माणूस एवढं सोपं करून सांगतो तेव्हा ऐकावं.

मागच्या महाशिवरात्रीला बारवेत दिवे लागले होते तेव्हाचे आमचे दोघांचे फोटो नंतर आम्ही शेजारी शेजारी ठेवले. मामा काठावर स्टँड लावून होते. त्यांच्या फोटोत पुरा वळसा दिव्यांनी उजळलेला, प्रत्येक पायरी मोजता येईल असा. माणसं मात्र हललेली, धुरासारखी. मी खाली होते. माझ्या फोटोत तीन बाया, एकीचा वात सारणारा हात, तिच्या बांगड्यांवरचा उजेड. हात स्थिर, चेहरा स्पष्ट. पण ती बारव कोणती हे माझ्या फोटोवरून सांगता येणार नाही. चारठाण्याची म्हटली तरी चालेल, पिंगळीची म्हटली तरी चालेल.

“नोंद म्हणून कोणता ठेवायचा?” मामांनी विचारलं.

“तुमचा.”

बारवांच्या बाबतीत हे मी ठामपणे म्हणते. वास्तूची नोंद करायची असेल तर अख्खी वास्तू दिसली पाहिजे, रुंद लेन्सने, आडवी-उभी सरळ धरून, बारव मधोमध ठेवून, म्हणजे कडा कमी ताणल्या जातात. सुंदर तुकड्यांनी नोंद होत नाही.

पण एक गोष्ट माझ्या लेन्सने केली जी मामांच्या लेन्सने केली नाही, आणि ती मी मुद्दाम ठरवून केली नव्हती. बारवेत एक पायरी आहे, तिच्या कडेचा टवका उडालेला आहे. आजोळी आले की मी तिथं बसते आणि समोरच्या भिंतीचा, पाण्याच्या रेषेसकट एक फोटो घेते. जागा तीच, लेन्स तीच, म्हणून चौकटही तीच. भाद्रपदातला फोटो पौषातल्या फोटोवर ठेवला तर कोणत्या दगडापासून कोणत्या दगडापर्यंत पाणी उतरलं ते बोटाने दाखवता येतं.

मामा म्हणाले, “त्याला प्राईम कशाला लागते? अठरा-पंचावन्नला चोवीसवर चिकटपट्टी मार. फुकटात झाली तुझी प्राईम.”

बरोबर आहे. चिकटपट्टी मारून होतं. यावर आमचं दोघांचंही एकमत झालं. एवढंच, की चिकटपट्टी मारलेली ती मोठी लेन्स माझ्या डब्याशेजारी मावली नसती, आणि पौषातल्या त्या मंगळवारी, शाळेतून परस्पर वालूरला आले तेव्हा, कॅमेरा माझ्यासोबत नसता.

त्या दिवशी बारवेतून निघायला मामा उठले. माझी लेन्स त्यांनी हातात घेऊन उलटीपालटी केली, काचेवर फुंकर मारली. “पंधरा दिवस ठेवतो,” म्हणाले. ती अजून त्यांच्याकडेच आहे. त्यांचा कॅमेरा मोठ्या सेन्सरचा, त्यावर ही बसतही नाही. म्हणून स्टुडिओतल्या पोराचा कॅमेरा घेऊन ते रोज दुकानासमोरच्या चहावाल्याचे फोटो काढायलेत, असं मामींनी फोनवर सांगितलं.

तुम्हाला अशी लेन्स घ्यायची असेल तर आधी तीन आठवडे किट लेन्सला चिकटपट्टी मारून पाहा. एक आठवडा चोवीसवर, एक पस्तीसवर, एक पन्नासवर, आणि ज्या आठवड्यात तुमची पाठ भिंतीला कमी वेळा लागली ते माप घ्या. छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल आणि घरातली माणसं काढायची असतील तर ते बहुधा पन्नास नसेल. आणि तुमच्या गावात बारव असेल तर एकदा खाली उतरा, एक पायरी ठरवा, आणि दर महिन्याला तिथूनच एक फोटो घ्या. माझ्याकडे वालूरचे अकरा झाले आहेत. चैत्रातला राहिला आहे.